तात्यांच्या मासळीची दुखणी

शेवाळ कसं, आज काढलं तर उद्या पुन्हा हजर! आमच्या तळ्याचं किस्सं तसंच. एक सांगून उठावं म्हनलं तर दुसरा तोंडाशी येतोय. बसा मग.

निमगाव केतकीच्या अंगाला आमचं वावर. कॅनॉलचं पानी पिऊन पिऊन एक तुकडा खारवटून पांढरा पडला, ऊस सोडा, गवत बी उगवंना. तितं माझ्या दिरानं, तात्यांनी, तळं खांदलं आन् मासं सोडलं. माझी जाऊ गेल्यापासनं तात्या बाजंवरनं उठत न्हवतं. मासं आलं आन् मानूस दिस उगवायला तळ्यावर! मनात म्हनलं, देवा, मासं जगू दे, म्हंजी ह्यो बी जगंल.

*

मासंवालं सायेब म्हनलं, "माशांच्या खाद्यासाठी शेण थोडं थोडं टाका." तात्या जन्माचं ऊसवालं, ट्रॉलीच उलथली! सकाळी बघतोय तर समदं मासं तोंड वर करून हवा गिळत्यात. तात्या पांढरंफटक.

"वैनी, आवं ही काय मागत्यात?"

"तुमची ट्रॉली माघारी घ्या म्हनत्यात!"

मोटार लावून ताजं पानी सोडलं, तवा कुठं मासं खाली गेलं आन् तात्या खाली बसलं.

*

आमच्यात पावना आला की च्याच्या आधी मळा दावायचा. तात्या मासा दावायचं! जाळं टाकायचं, मोठ्ठा बघून धरायचं, पावन्याच्या हातात द्यायचं, "बघा वजन!" आन् परत पान्यात.

लोणी भापकरचं व्याही आलं, तर मासा निसटून त्यांच्या धोतरात! व्याही नाचत्यात आन् तात्या मागनं वरडत्यात, "हळू, हळू! त्याला लागंल!"

*

उन्हाळ्यात पानी उतरलं आन् मासं तांबडं डाग घिऊन वर यायला लागलं. खवलं गळल्याली, शेपटी झडल्याली. रोज एखादा उलटा. तात्यांनी जेवान सोडलं.

बारामतीवरनं त्येच मासंवालं सायेब फटफटीवर आलं. म्हनलं, "आजी, हा जंतू बाहेरून नाही आला. तो पाण्यात कायमच असतो. धडधाकट माशाला काही करत नाही. दाटी झाली, घाण झाली, मासा खरचटला, की शिरतो आत."

"म्हंजी भावकीच की!" मी म्हनलं.

सायेब हसलं. मग इचारलं, "पण मासे खरचटले कशानं?"

तात्या आपल्या तळहाताकडं बघत राहिलं.

सायबानं बजावलं, चुना टाका, पानी वाढवा, शेण बंद, आन् माशाला हात लावायचा न्हाय!

*

पन तात्यांचा हात ऱ्हातोय व्हय? मी जाळं कडब्याच्या गंजीत दडवलं.

"वैनी, जाळं बघितलं का?"

"उंदरानं न्हेलं."

"येवढं मोठं?"

"संसारी असंल बिचारा!"

तवापासनं तात्या नुसतं बांधावर बसायचं. मी भाकरी घिऊन जायची, आधी पान्याकडं बघायची, मग त्यांच्या तोंडाकडं. दोनीकडं एकच दुखनं दिसायचं.

*

आन् ह्यो ऐका. उलटं मासं दिसायचं थांबून थोडंच दिस झालं हुतं. पुन्याचं एक मोठं सायेब जीपनं आलं, संगं आमचं व्याही. "मोठा मासा हातात द्या, फोटो काढायचाय!"

मनात म्हनलं, आता तात्या जाळ्यापायी गंज उपसनार!

तात्यांनी हळूच टोपी काढली. "काय सांगू सायेब. समदं मेलं. एक बी ऱ्हायला न्हाय."

सायबानं बी टोपी काढली. व्याही डोळं पुसाया लागलं. समदी तळ्याकडं तोंड करून गप उभी.

तेवढ्यात मधोमध हा येवढा कटला मासा उडाला आन् धप्पकन पान्यात!

सायेब तात्यांकडं बघतंय, तात्या माझ्याकडं. मी पदर डोळ्याला लावला.

तात्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "आजून दहावा व्हायचाय सायेब," म्हनलं. "तवर आत्मा फिरायचाच!"