रूळ नसलेल्या देशातली इंजिनं

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. शारजात खिडक्या कितीही घट्ट लावल्या तरी चौकटीत बारीक वाळू साचतेच, तसे ते साचतात. परवा ठाण्याला सबनीस भेटले. चहा येईपर्यंत चार किस्से झाले आणि आलेला चहा गार झाला. घरी आल्यावर म्हटलं, आता लिहूनच टाकावेत. सबनीस सांगतात त्यात दर वेळी एखादं इंजिन वाढतं.

आधी माणसं सांगते. नव्वदच्या दशकाची अखेर. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जनरेटर विकणारी आणि दुरुस्त करणारी आमची कंपनी. मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा आणि तो पुन्हा सापडेल असा ठेवायचा. नवरा म्हणतो, हिचा स्वभाव तोच होता, कंपनीने फक्त पगार सुरू केला. सबनीस वर्कशॉपचे फोरमन, त्याआधी बारा वर्षं रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये. गुप्ते सेल्समध्ये. आणि आमच्या सगळ्यांच्या वर टेक्निकल मॅनेजर रेडफर्नसाहेब.

साहेब साठीला आलेले इंग्रज. तरुणपणी सुट्टीच्या दिवशी हा माणूस इंग्लंडातल्या प्लॅटफॉर्मांवर उभं राहून डिझेल इंजिनांचे फोटो काढायचा. मी एकदा विचारलं, डिझेलचेच का? म्हणाले, "कोळशाच्या इंजिनांवर सगळे रडत होते. डिझेलकडे कुणी बघत नव्हतं. म्हणून मी बघितलं."

आणि हा सगळा खजिना घेऊन साहेब राहायला आले कुठे, तर जिथे तेव्हा प्रवासी गाडीचा एक फूटसुद्धा रूळ नव्हता अशा देशात.

* * *

सबनीस आणि साहेबांची मैत्री पहिल्याच दिवशी झाली, तीही भांडणाच्या सुरात.

सबनीस इंटरव्ह्यूला साहेबांच्या केबिनमध्ये बसले होते. समोर भिंतीवर फ्रेम. निळं इंजिन, पिवळा चेहरा, स्टेशनात उभं, निघायच्या बेतात, वर काळाकुट्ट धूर. साहेब सबनीसांचा बायोडेटा वाचतायत आणि सबनीस भिंतीकडे बघतायत. शेवटी त्यांना राहवेना.

"सर, याचा टर्बो गेलाय."

साहेबांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"हवा कमी पडतेय, डिझेल जास्त जातंय. हे इंजिन फार लांब जाणार नाही."

साहेब उठले, फोटोपाशी गेले, परत आले. "पुढच्या स्टेशनाआधीच बंद पडलं. आम्ही तीन तास शेतात बसून होतो. पंचवीस वर्षं मी विचार करतोय, का बंद पडलं."

सबनीस म्हणाले, "शेडमधून सोडायलाच नको होतं."

बायोडेटा तिथेच मिटला. सबनीस आजही सांगतात, "मला ती नोकरी एका बिघडलेल्या इंजिनाने दिली."

* * *

असाच एक मोठा फोटो साहेबांनी रिसेप्शनला लावला होता. एक दिवस शेजारच्या अजमानहून एक अरब गिऱ्हाईक आलं. त्याला फार्मसाठी जनरेटर हवा होता. गुप्त्यांनी कॅटलॉग उघडला, पण त्याचं लक्ष भिंतीवर.

"हे किती हॉर्सपॉवर?"

साहेब नेमके तिथून चालले होते. इंजिनाबद्दल विचारलं की हा माणूस खोटं बोलू शकत नसे. "सत्तावीसशे," ते म्हणाले.

"आवाज?"

"भयंकर."

"हबीबी, माझ्या फार्मला शेजारीच नाहीत. हेच द्या."

साहेबांनी फार अदबीने सांगितलं, की याला रूळ लागतात. गिऱ्हाईकाने क्षणभर विचार केला. "रूळ? इन्शाल्ला, तेही टाकू."

साहेब हतबल होऊन गुप्त्यांकडे बघायला लागले. गुप्ते कोटेशनचा फॉर्म भरत होते. म्हणाले, "सर, डिलिव्हरी पीरियड काय लिहू?"

* * *

मग साहेबांच्या डोळ्यांचं झालं. हा किस्सा नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाहीत.

डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. मधलं दिसेनासं होतं, कडेचं राहतं. डॉक्टर म्हणाले, वर्षभर वाचता येईल, पुढचं सांगता येत नाही. साहेबांनी हे मला फाइल मागावी तितक्या साधेपणाने सांगितलं आणि विचारलं, "वैशाली, माझ्याकडे चोवीसशे स्लाइड आहेत. एकीवरही काही लिहिलेलं नाही. मला सगळं आठवतं, म्हणून लिहिलं नाही. तू रजिस्टर करशील?"

मला आधी रागच आला. चोवीसशे कागद आणि एकावरही नंबर नाही! मग साहेबांकडे बघितलं आणि राग गेला.

दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी त्यांच्या व्हिलावर जमायचं असं ठरलं. पडदे ओढायचे, गुप्त्यांनी प्रोजेक्टर चालवायचा, साहेबांनी बघून सांगायचं, मी लिहायचं. इंजिन नंबर, ठिकाण, दिवस, हवा, प्रकाश. सबनीस कशाला, तर साहेबांच्या शब्दांत, "इंजिनाचं काही चुकलं तर सांगायला." मिसेस रेडफर्न चहा-सँडविच आणून ठेवायच्या आणि आतल्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसायच्या.

साहेबांची अट एकच. ज्याची ओळख पटत नाही त्यापुढे इंजिनांचे फोटो जमवणारे लोक 'अनआयडेंटिफाइड' लिहितात. आपल्या रजिस्टरमध्ये तो शब्द एकदाही यायचा नाही. "मी तिथे उभा होतो," साहेब म्हणायचे. "मी सांगितलं नाही तर कोण सांगणार?"

* * *

मधलं दिसत नाही म्हटल्यावर साहेब समोरच्या माणसाला बघायला नजर बाजूला वळवायचे. म्हणजे बघायचं तुमच्याकडे, डोळे दाराकडे. सबनीसांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

ते रजेचा अर्ज घेऊन केबिनमध्ये गेले. साहेबांनी दाराकडे बघितलं. सबनीस म्हणाले, "सॉरी सर," आणि बाहेर आले. तासाभराने पुन्हा गेले. साहेबांनी पुन्हा दाराकडे बघितलं. सबनीस पुन्हा बाहेर.

तिसऱ्या वेळी ते माझ्या टेबलाशी आले. "वैशाली, माझं काय चुकलंय गं? साहेब मला आत उभं करत नाहीत."

मी समजावून सांगितलं. मग सबनीस केबिनमध्ये गेले आणि दाराशेजारीच उभे राहिले. आतून साहेबांचा आवाज आला, "मिस्टर सबनीस, आज सकाळपासून तुम्ही इतक्या घाईत का आहात?"

* * *

पंधरा-सोळा शुक्रवार झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की साहेबांच्या इंग्लंडात बर्फ फारच पडतो. हवेचा रकाना पडद्यावर दिसेल तसा आम्हीच भरायचो, कारण बारीकसारीक त्यांना आता दिसत नव्हतं. गुप्ते सांगायचे, "हलका बर्फ," सबनीस म्हणायचे, "हलका कुठला, चांगला पडतोय." आम्ही तिघांनीही बर्फ फ्रीजर सोडून कुठे पाहिला नव्हता.

पण डॉक्युमेंट कंट्रोलरच्या डोळ्याला काही गोष्टी टोचतात. सलग तीन ओळी: जुलै, बर्फ. जुलै, बर्फ. जुलै, दाट बर्फ.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "माझ्या देशाच्या हवेबद्दल मी कधीच पैज लावत नाही. पण जुलै?"

सबनीसांनी स्लाइड काढून खिडकीशी नेली, तिरकी धरली, मऊ फडकं फिरवलं. फडक्यावर पांढरी भुकटी. दर उन्हाळ्यात साहेब दोन महिने इंग्लंडला जायचे, एसी बंद, आणि शारजाची दमट हवा आत. बुरशी!

सदतीस स्लाइडवरचा बर्फ सबनीसांनी दोन शुक्रवार बसून पुसला. मी सदतीस ओळी खोडून पुन्हा लिहिल्या. साहेब मात्र खुशीत. "इंग्लंडचा उन्हाळा सुधारलेला मी पहिल्यांदाच बघतोय."

* * *

गुप्ते सहकुटुंब लंडनला निघाले तेव्हा साहेबांनी त्यांना एक काम सांगितलं. अमुक एक जुनं इंजिन अमुक ठिकाणी जपून ठेवलंय, त्याचा फोटो आणा. नंबर स्पष्ट यायला हवा.

गुप्त्यांनी अख्खा रोल त्यावर खर्च केला. परत आल्यावर प्रिंट साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी भिंग लावलं, मान तिरकी केली, एकेक बघितला. "मिस्टर गुप्ते, नंबरच्या जागी हे गृहस्थ कोण आहेत?"

"मी, सर."

"आणि या फोटोत?"

"मिसेस."

छत्तीसच्या छत्तीस फोटोंत नंबरपुढे कुणीतरी हसत उभं होतं. एकात तर तिथला गार्डही.

गुप्ते दुखावले. बाहेर येऊन मला म्हणाले, "माणसाशिवाय फोटो म्हणजे रोल वाया नाही का? नुसतं इंजिन काढून आणलं असतं तर लोक म्हणाले असते, हा गेलाच नव्हता."

* * *

माझी मुलगी मिथिला तेव्हा सहा वर्षांची. घरी कुणी नसलं की तिला शुक्रवारी बरोबर न्यायचे. जन्म शारजाचा, भारतात गेली तर विमानतळ ते आजोळ टॅक्सी. ती पडद्यावरचं इंजिन टक लावून बघत होती. मग सबनीसांना म्हणाली, "काका, व्हेअर इज द स्टिअरिंग?"

सबनीस म्हणाले, "नसतं बाळा. रूळ नेतील तिकडे जायचं."

"देन व्हॉट डज द ड्रायव्हर डू?"

बारा वर्षं डिझेल शेडमध्ये काढलेल्या माणसाने साहेबांकडे बघितलं. अंधारातून साहेब म्हणाले, "तो वेळेवर पोचण्याची काळजी करतो."

मिथिलाने जरा विचार केला. "लाइक बाबा इन द दुबई ट्रॅफिक."

* * *

आता शेवटचा शुक्रवार.

साहेबांनी नोकरी सोडली होती, व्हिलात खोकी भरून ठेवलेली, पुढच्या आठवड्यात कंटेनर जाणार होता. तोवर साहेबांना पडद्यावर नुसते रंग दिसत होते. निळा असेल तर निळा, एवढंच. म्हणून काम उलटं झालं होतं. सबनीस वर्णन करायचे आणि साहेब नंबर सांगायचे. "सर, हिरवं इंजिन, नाक लांब, डावा बफर थोडा वाकलेला, मागे पाण्याची टाकी." साहेब डोळे मिटून नंबर, ठिकाण, दिवस सांगायचे. सबनीस पडद्यावरचा नंबर बघून म्हणायचे, "करेक्ट सर." एकदाही चुकलं नाही. ऐंशी-ऐंशी स्लाइडचे एकोणतीस ट्रे संपले होते, तिसाव्यातल्या एकोणऐंशी स्लाइड झाल्या होत्या. रजिस्टरमध्ये तो शब्द कुठेही नव्हता.

गुप्त्यांनी शेवटची स्लाइड लावली. सबनीस उठून पडद्याजवळ गेले.

"इंजिन कसं आहे?" साहेबांनी विचारलं.

"सर, यात इंजिन नाहीये."

"मग डबे कुठले आहेत?"

"गाडीच नाहीये सर. प्लॅटफॉर्म आहे. बाक आहे. बाकावर एक मुलगी बसलीय. लाल कोट. मांडीवर थर्मास. आपल्याकडे बघतेय."

चोवीसशे स्लाइडमध्ये साहेबांनी माणसाचा म्हणून काढलेला हा एकच फोटो. साहेब विचार करायला लागले. सिग्नल कुठल्या बाजूला, विचारलं. छपराचे खांब कसे आहेत, विचारलं. सबनीसांनी सांगितले. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. पाच मिनिटं झाली असतील. मी पेन धरून बसले होते.

"मला आठवत नाही, वैशाली," साहेब म्हणाले.

असं ते पहिल्यांदाच म्हणत होते, आणि शेवटच्या ओळीवर. मला फार वाईट वाटलं. गुप्त्यांनी प्रोजेक्टर बंद करायला हात पुढे केला, सबनीसांनी तो धरला.

मिसेस रेडफर्न दारात उभ्या होत्या. हातात खोक्यांची चिकटपट्टी. त्यांनी पडद्याकडे बघितलं, आणि माझ्या रजिस्टरच्या रकान्यांच्या क्रमाने सांगायला सुरुवात केली.

"कार्लाइल. प्लॅटफॉर्म चार. फेब्रुवारीतला शनिवार. हवा ढगाळ, कडाक्याचा गारठा. प्रकाश वाईट. गाडी चाळीस मिनिटं लेट, आणि थर्मासमधला चहा संपलेला."

मी लिहून घेतलं. इंजिन नंबरचा पहिला रकाना कोराच होता, तो मला टोचायला लागला. मी विचारलं, "आणि मॅडम, ही मुलगी?"

"अनआयडेंटिफाइड," मिसेस रेडफर्न म्हणाल्या. "तसंच लिही."

आणि त्या आत गेल्या. खोक्यावर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला.

साहेबांनी माझ्याकडे हात पुढे केला. "पेन दे."

गुप्त्यांनी स्लाइड काढून दिली. साहेबांनी स्लाइडभोवतीच्या पुठ्ठ्याची कड अंगठ्याने चाचपली आणि लिहायला लागले. कित्येक महिन्यांत त्यांनी सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. बराच वेळ लिहीत होते. अक्षरं एकमेकांवर चढली, ओळ पुठ्ठ्यावरून घसरून त्यांच्या बोटावर गेली. झाल्यावर त्यांनी स्लाइड माझ्याकडे दिली.

मी बघितली. सबनीसांनी बघितली. आम्हा दोघांनाही एक अक्षर वाचता आलं नाही.

वाचता न येणारा कागद मी अख्ख्या नोकरीत एकदाही स्वीकारला नव्हता, मॅनेजरचा असला तरी परत पाठवायचे. मी त्या स्लाइडला चोवीसशे नंबर दिला आणि रजिस्टर बंद केलं.