काकांना काही त्रास नाही

खर्च किती झाला आणि माणूस किती बरा झाला, याचा भागाकार करून मी पोट भरते. उत्तर फार मोठं आलं की तो उपचार परवडत नाही, असं आम्ही जाहीर करतो. आमच्यातल्या एकानेही जन्मात कुणाचं बेडपॅन उचललेलं नसतं, पण आत्मविश्वास दांडगा.

मागे एका इस्पितळाचं काम आलं. लकव्याच्या पेशंटकडे ते घरी फिजिओ पाठवायचे. ते चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हे माझ्या आकड्यांवर ठरणार होतं. डिलाईल रोडच्या चाळीत माझ्या काकांकडेही तोच फिजिओ यायचा. घरच्यांना मोजणीत धरायचं नसतं, म्हणून पाच प्रश्नांच्या फॉर्मचा मी त्यांच्यावर नुसता सराव केला. नियम मोडला नाही, थोडा वाकवला.

"काका, कपडे घालताना काही त्रास?"

"काय एक नाय." बनियन काकूने नुकतंच चढवलं होतं, घाईत उलटं.

"चालताना?"

"माका काय त्रास नाय गो." संडासापर्यंत काकूच्या खांद्यावर रेलून जाणाऱ्याला कसला त्रास!

पाचही प्रश्नांत काका पैकीच्या पैकी. मग आठवलं, ऑफिसात आलेले बहुतेक पुरुषांचे फॉर्म असेच होते. फिजिओ येण्याआधी ठणठणीत, नंतरही ठणठणीत. म्हणजे सुधारणा शून्य, आणि फिजिओ बंद.

काकू भाजी निवडता निवडता ऐकत होती. म्हणाली, "आधी दिवसातनं चारदा मीच उचलायचे गो ह्यांना. आता खाट धरून आपले आपण उभे रवतत. माझी कंबर अर्धी तरी वाचली. ता तुझ्या कागदात खंय लिवलंस?"

कुठेच नव्हतं लिहिलेलं. इतकी वर्षं हजारो फॉर्म भरून घेतले, पण उचलणारीची कंबर विचारायचं डोक्यातही आलं नव्हतं. खरंच लाज वाटली. मी कागद उलटा केला, तेच पाच प्रश्न उत्तरांच्या पर्यायांसकट हाताने लिहिले आणि काकूला समोर बसवलं.

"काकू, तुला कुठे दुखतं का?"

"तिका काय झाला?" काका खाटेवरून म्हणाले. "ठणठणीत आसा ती."

काकूने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि 'खूप दुखतं'समोर स्वतःच फुली मारली.