प्रकाशाच्या पुढं जायचा शकूचा सिद्धांत

आमच्या शकूचा सिद्धांत मी मोडला.

आज सकाळी ती गेली, म्हणून आता सगळ्यांना सांगते. मी बोलतेय, नात मोबाईलवर लिहितेय. मला अक्षर येत नाही. पण फिजिक्समधली एक चूक मी काढलीय, आणि त्याचा मला आजवर कधी आनंद झाला नाही.

शकू म्हणजे शकुंतला. माझी धाकटी नणंद.

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. कोल्हापुरात आमच्या गल्लीतली एम. एस्सी. झालेली ती पहिलीच मुलगी. मी म्हशीचं दूध तापवत बसायची, ती शेजारी पाट टाकून नोटबुक घेऊन बसायची.

"वैनी, आज जेवढ्या जाळावर दूध उतू जातंय, तेवढ्याच जाळावर उद्याबी जाणार. का?"

"म्हस तीच हाय म्हणून."

हसून हसून पाटावरनं पडायची बाकी राहिली.

मग नीट सांगितलं. निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत, म्हणून एनर्जी नवी तयार होत नाही की नाहीशी होत नाही. इथं आहेत तेच मलकापुरात आहेत, म्हणून धावणाऱ्या वस्तूचा जोर आपोआप वाढत नाही की घटत नाही. नियम तेच राहतात, याला म्हणायचं सिमेट्री; त्यामुळं एनर्जी नि जोर तेवढाच राहतो, याला कन्झर्वेशन.

"आणि हे एका बाईनं सिद्ध केलंय, वैनी!"

"मग ती चूल कधी पेटवायची?"

असं आमचं चालायचं.

शकूला प्रकाशाच्या पुढं जायचं होतं. प्रकाशाचा वेग गाठायचा म्हटलं तर एनर्जी कितीही घाला, पुरतच नाही. म्हणून तिनं युक्ती काढली. आभाळात असा एक तुकडा धरायचा, जिथं ही सिमेट्रीच मोडलीय. तिथले नियम वेगळे. मग एनर्जीचं बंधन कुठलं? यान त्यातनं घालायचं, की पलीकडं प्रकाशाच्या आधी हजर.

पाच वर्षं या एका गोष्टीवर घातली तिनं. दोन चांगली स्थळं नाकारली. तिच्या सरांनी ओळ न् ओळ तपासली, गणित बरोबर निघालं. कॉलेजात तिचं लेक्चर ठरलं. मुंबईचे एक मोठे प्रोफेसर ऐकायला येणार होते. त्यांना पटलं तर रिसर्चला मुंबईत जागा मिळणार होती.

लेक्चरला आठवडा राहिला असताना ती मला ते सगळं परत सांगत होती. मी आपली दुधाला विरजण लावत होते. सहज विचारलं,

"शकू, तिथले नियम वेगळे म्हणतीस. मग इथलं विरजण तिथं लागंल का?"

"विरजणाचं काय मधेच?"

"न्हाय, तू इथल्या नियमानं घडलेली. त्या तुकड्यातनं पलीकडं निघणार ती तूच असशील का?"

ती हसली नाही.

उठली, खोलीत गेली. चार दिवस धड जेवली नाही.

पाचव्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसली.

"वैनी, गणितात मी यानाला एक टिंब धरलंतं. टिंबाला काय होतंय? पण खरं यान अणूंचं असतंय, आणि अणू तिथं टिकतच न्हाईत. पलीकडं नुसतं भुस्कट निघतंय."

आमचे हे तिथंच उभे होते. म्हणाले, "गणित बरोबर हाय न्हवं? मग वाच की गप. तिथं कोण विरजण लावायला बसलंय?"

"दादा, मला कळलंय की आता."

लेक्चरला मी शेवटच्या रांगेत होते. पाऊण तास शकू अशी बोलली, की मलाच वाटलं जमलं बाई हिचं. आणि मग खडू खाली ठेवून म्हणाली, "हे चालत नाही. यात बसलेला माणूस जिवंत राहत नाही."

मागनं कुणीतरी ओरडलं, "बाई, मग आम्ही तिकीट काढू नको म्हणता?"

हॉल हसला.

मुंबईचे प्रोफेसर चहा पिऊन निघाले. जाताना तिला म्हणाले, "प्रामाणिक आहात."

म्हणजे काम झालं नाही. एवढं मलाही कळलं.

शकूनं गारगोटीच्या एका शाळेत नोकरी धरली. रिटायर होईपर्यंत विज्ञान शिकवलं. गल्लीतली माणसं म्हणायची, प्रकाशाच्या पुढं जाणारी बाई बघा गारगोटीच्या एस्टीत बसलीया. मीच भांडायची त्यांच्याशी. ती कधी एका शब्दानं बोलली नाही.

मला मात्र ते आतनं खात राहिलं. मी एक आठवडा तोंड मिटून बसले असते, तर पोरगी मुंबईला गेली असती.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात शेवटी विचारलं.

"शकू, खरं सांग. मी त्या दिवशी गप बसायला पायजे हुतं का गं?"



"मला मुंबईला जायचं हुतं, वैनी. लई जायचं हुतं."

मी मान खाली घातली.

मग माझ्या हातावर तिनं हात ठेवला. त्यात काही जोर राहिला नव्हता.

"पण ती चूक संगं घेऊन न्हवतं जायाचं."

एवढंच बोलली. डोळे मिटून घेतले.

आज दुपारी पंचगंगेवर तिला निरोप दिला. गारगोटीच्या पंधरा-वीस बायका आल्या होत्या, तिच्या हाताखाली शिकलेल्या. आता त्यांचेही केस पांढरे झालेत. त्यातली एक माझ्यापाशी येऊन म्हणाली, "तुम्हीच का त्या वैनी? बाई दरवर्षी नववीला तुमचा विरजणाचा प्रश्न घालायच्या."

मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

शकू, सुखानं जा गं.

तुझी वैनी