चनबसप्पांची तीन बोटं

सोलापूर जिल्ह्यात पाण्यापेक्षा पाण्यावरची भाषणं जास्त. अशा ठिकाणी बोटीची इंजिनं दुरुस्त करून कुणी संसार चालवावा, हे शहाणपणाचं लक्षण नव्हे. पण चनबसप्पा तो गेली वीस वर्षं चालवत आहेत. अक्कलकोट रोडच्या आतल्या बोळात, पिठाच्या गिरणीला लागून, त्यांचं दुकान. मूळचे मैंदर्गीचे. आधी यंत्रमागाच्या मोटारी, मग शेतातले पंप, आणि एकदा उजनी धरणावरच्या कुणा मासेवाल्यानं बोटीचं इंजिन आणून टाकलं. चनबसप्पांनी ते फवारणी पंपाचं थोरलं भावंड समजून उघडलं आणि ते सुरू झालं. तेव्हापासून उजनीच्या फुगवट्यावरचं रुसलेलं प्रत्येक इंजिन एसटीच्या टपावरून नाहीतर टेम्पोतून त्यांच्याकडे येतं.

स्वतः ते मात्र कधी बोटीत बसले नव्हते. पोहता येत नाही, आणि पाण्याची भीती. "डॉक्टर काय पेशंटच्या खाटेवर झोपून बघतो का?" असा त्यांचा खुलासा असे.

तपासायची रीत ठरलेली. दुकानामागे दोनशे लिटरचं पिंप, त्यात काठोकाठ पाणी. इंजिन काठाला अडकवायचं, पंखा पाण्यात सोडायचा आणि स्वतःच्या डब्यातलं पेट्रोल लावायचं. गिऱ्हाइकाची टाकी कोपऱ्यात. गिऱ्हाइकाच्या पेट्रोलवर आणि गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर त्यांचा सारखाच विश्वास होता, म्हणजे अजिबात नव्हता.

धनाजी करमाळ्याकडचा. फुगवट्याच्या अलीकडच्या गावातून पलीकडच्या गावात माणसं पोचवतो. रस्त्यानं साठ किलोमीटरचा वळसा, पाण्यातून वीस मिनिटं. यंदा दसरा झाला आणि त्याचं इंजिन अर्ध्या वाटेत दम टाकायला लागलं. बारा-तेरा मिनिटं झकास चालायचं, मग आवाज बसायचा, बोट रांगायला लागायची आणि शेवटी गप्प. जरा थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही.

"अप्पा, भूत शिरल्यावानी करतंय बगा."

"भूत मग माझ्या पिंपात का येत नाही?"

दोनदा आणलं. चनबसप्पांनी प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून फुंकला, पंख्याचं रबर घसरतंय का पाहिलं. पिंपात इंजिन अर्धा अर्धा तास गात राहिलं. दोन्ही वेळा त्यांनी ते "ठणठणीत" म्हणून परत दिलं.

कार्तिकात एका दुपारी बोटीत नऊ माणसं होती, त्यांत दोन मास्तर. मधोमध इंजिन बंद पडलं, वर वारा सुटला. बोट वाहत वाहत बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांत जाऊन अडकली. तासाभरानं मासेवाल्यांनी ओढून काठाला लावली. कुणाचा पाय ओला झाला नाही, पण बोटीतल्या, अलीकडच्या गावच्या केराबाई, ज्या आयुष्यभर मेंढरांमागे हिंडल्या आणि कशाला घाबरल्या नाहीत, त्या बोट काठाला लागली तरी फळी सोडेनात.

लोकांनी जाणत्या माणसाकडून ऐकावं म्हणून धनाजीनं तिथूनच चनबसप्पांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. चनबसप्पा जेवत होते.

"इंजिनात काही नाही. तू पेट्रोलात काय मिसळतोस ते बघ आधी."

एवढंच बोलले आणि भाकरी मोडली. संध्याकाळपर्यंत दोन्ही गावांत पक्कं झालं की धन्या रॉकेल मिसळतो. रॉकेल हल्ली औषधालाही मिळत नाही, हे कुणाला आठवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बोट रिकामी. येत्या सोमवारी सभा घेऊन माणसं पोचवायची पाळी दुसऱ्याला द्यायची, असं ठरलं. धनाजीला दुसरं काही येत नव्हतं.

शनिवारी तो दुकानात आला, रिकाम्या हातानं.

"इंजिन कुठाय?"

"न्हाय आणलं. तुमाला न्यायला आलोय."

चनबसप्पांनी पान्याकडे, मग पिंपाकडे पाहिलं. आत चूल पुसत असलेल्या त्यांच्या पत्नी दानम्मा म्हणाल्या, "जावा की. वीस वर्षं लोकांना सांगताय, बोट अशी चालव, तशी चालव."

काठावर दहा-बारा लोक जमले होते. धनाजीच्या बोटीत केशरी जाकिटं होती. मळू नयेत म्हणून अजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. चनबसप्पांनी एक अंगात घातलं, दुसरं मांडीवर घेतलं. बोट निघाली. ते पाण्याकडे बघेनात; नजर इंजिनावर, टाकीवर, मधल्या नळीवर.

तेराव्या मिनिटाला आवाज बसला.

"हात लावू नको," ते म्हणाले.

नळीवर पेट्रोल चढवायचा रबरी फुगा असतो. तो चोखून टाकलेल्या आंब्यासारखा चपटा झाला होता. टाकीत पेट्रोल होतं, पण टाकी ते सोडत नव्हती. त्यांनी झाकण जरा सैल केलं. टाकीनं सुस्कारा टाकावा तशी हवा आत ओढली. धनाजीनं दोरी खेचली, इंजिन पूर्ण ताकदीनं उठलं.

चनबसप्पांनी झाकण हातात घेतलं. मूळचं हरवलं म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनीच पत्र्याचं करून दिलं होतं. पेट्रोल जाईल तशी हवा आत यावी म्हणून वर सुईएवढं भोक, तेही त्यांनीच पाडलेलं. आता त्यावर आडवे तीन पांढरे पट्टे, वाळून गिलाव्यासारखे घट्ट. खंडेनवमीला दुकानात जे जे लोखंड असेल त्याची पूजा होते. त्या दिवशी धनाजीचं इंजिन आणि टाकी वर्षाच्या साफसफाईला आलेली, तिथंच होती. ओली विभूती, तीन बोटं. मधल्या बोटाचा पट्टा बरोबर भोकावर.

"काय हाय अप्पा?"

"कचरा," चनबसप्पा म्हणाले आणि तारेनं भोक मोकळं केलं. तारेच्या टोकाला पांढरी पूड आली. ती धनाजीनंही पाहिली.

काठावर आल्यावर लोकांनी घेरलं. "काय घावलं?"

"टाकीत कचरा होता."

"म्हंजे पेट्रोलच घाण की! धन्या, ऐकलंस का?"

धनाजी दोरी गुंडाळत राहिला. तो भांडला असता तर चनबसप्पांना परवडलं असतं.

ते जाकीट काढून वर रस्त्यावर उभ्या प्रवासी जीपपर्यंत गेले, आत बसले, ड्रायव्हरनं चावी फिरवली. मग ते उतरले आणि पुन्हा खाली आले.

"कचरा नव्हता. विभूती होती. मी लावली. ह्या बोटांनी." आणि तीन बोटं सगळ्यांना दिसतील अशी वर धरली. "पोराच्या पेट्रोलात काही नाही."

लोक बोटांकडे बघत राहिले. केराबाई म्हणाल्या, "इबुतीनं कुटं मशीन बंद पडतं व्हय? ह्याला वाचवायला देवाला कशाला मदी घालताय?"

"दुपारी मटण घातलं असंल अप्पाला," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी खात नाही," चनबसप्पा म्हणाले. त्यावरही कुणाचा विश्वास बसला नाही. फोनवरचं एक खोटं वाक्य दोन गावांनी एका संध्याकाळी गिळलं होतं; खरं वाक्य समोर उभं राहून बोटं दाखवत होतं, तर त्याला गिऱ्हाईक नव्हतं.

त्यांनी जाकीट पुन्हा घातलं. "धनाजी, चल पलीकडं."

"आता? कोन हाय बसायला?"

"मी हाय की."

गेले, आले. कुणी चढलं नाही. पुन्हा गेले, आले. फळीचा काठ धरून त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. तिसऱ्या वेळी केराबाईंनी आपली शेळी उचलून बोटीत ठेवली.

"आदी हिला न्या. तिकडं माजी लेक हाय, घील उतरून. मग मी बगते."

शेळी सुखरूप पोचली. त्या दिवशी केराबाई मात्र काही गेल्या नाहीत.

सोमवारच्या सभेत ठरलं की पाळी धनाजीकडेच राहू द्यावी. अट एकच: पंधरा दिवस चनबसप्पांनी प्रत्येक फेरीला बोटीत बसायचं. विभूतीचं खरं असेल तर त्यांचं काय जातंय?

आज नववा दिवस आहे. चनबसप्पा धनाजीच्या ओसरीवर झोपतात, सकाळी जाकीट घालतात आणि वीस वीस मिनिटं त्या रबरी फुग्याकडे बघत बसतात. काल पाच माणसं बसली, त्यांत केराबाई. दुकानाला कुलूप आहे आणि पिंपातलं पाणी हिरवं पडलंय, असं दानम्मांनी फोनवर सांगितलं. पुढे विचारलं, "भीती गेली का?"

"नाही," चनबसप्पा म्हणाले.