पगारी सुट्टी, आमच्याच आतल्या खोलीत

खराडीच्या आमच्या सोसायटीत मुलं सांभाळणाऱ्या मावशींना काय द्यायचं, हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरतं. परवा मी तिथे लिहिलं, की आमच्या शोभामावशींना आजारपणाची पगारी सुट्टी देणार आहे.

लगेच एकीचं उत्तर आलं, "अहो, सवयी तुम्ही लावणार आणि निस्तरायचं आम्ही!"

आज सकाळी शोभामावशी विश्रांतवाडीहून आल्या त्या तापाने फणफणतच. मी म्हटलं, "आल्याच कशाला? आता सुट्टी आहे ना तुम्हाला? घरी जा."

त्या दारातच रडायला लागल्या. त्यांची जाऊ समोरच्या बिल्डिंगमध्ये हेच काम करते. काल तिनेही अशी सुट्टी मागितली, तर तिला कामावरूनच काढलं.

"ताई, माझी सुट्टी रद्द केली म्हणून ग्रुपवर लिहा, म्हणजे तिला परत कामावर घेतील. आणि आत्ता घरी पाठवू नका. कोण कधी बाहेर पडलं, ते गेटच्या अ‍ॅपवर सगळ्यांना दिसतं."

मग मीच ऑफिसला कळवलं, की मला बरं नाही. एका मेसेजमध्ये सुट्टी मंजूर झाली, वर 'टेक केअर' पण आलं.

आता बाळ माझ्या मांडीवर आहे. मावशी गोळी घेऊन आतल्या खोलीत झोपल्यात. संध्याकाळी नेहमीच्या वेळेलाच गेटमधून बाहेर पडतील.

ग्रुपवर मी 'सुट्टी रद्द' असं लिहून टाकलं. त्यावर अजून अंगठे येतायत.

तुमच्या सोसायटीत आजारी पडायची परवानगी कोण देतं हो?