माझी डावखुरी विद्यार्थिनी

"सर्जरी तुझं काम नाही," असं मी तिला गुरुवारी दुपारी तोंडावर सांगितलं आणि रविवारी तिच्याच घरी जेवायला गेलो. यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा. पण बोलावणं तिनेच केलं होतं, आणि नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

मी वसईच्या पूर्वेला गोखिवऱ्यात छोटं हॉस्पिटल चालवतो. सातिवलीच्या कारखान्यांत मशीनखाली सापडलेली बोटं आणि पत्र्याने कापलेले तळवे हे माझं रोजचं काम. अधूनमधून हर्निया, अपेंडिक्स. रविवारी ओपीडी बंद असते. तेव्हा सकाळी आसपासचे दोन-चार मेडिकलचे विद्यार्थी माझ्याकडे येतात. त्यांना कुणी पाठवत नाही, हजेरी लागत नाही, सर्टिफिकेट मिळत नाही. खालच्या दुकानातून कातडीसकट कोंबडीच्या तंगड्या आणायच्या आणि त्यांवर टाके घालायला शिकायचं. ज्याला सर्जन व्हायचंय त्याला ते लवकर कळावं, ज्याला जमणार नाही त्याला आणखी लवकर कळावं, एवढाच माझा हेतू. निदान मी तसं समजत आलो.

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. वसईच्या पश्चिमेला त्यांची वाडी, केळी आणि फुलं. पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी उभं राहून तिने सुई धरायचा चिमटा डाव्या हातात घेतला आणि मला अक्षरशः भरून आलं. कारण मी डावखुरा आहे.

आमच्या पिढीतले डावखुरे अर्धेमुर्धेच. आईने डावा हात धरून ठेवून मला उजव्याने जेवायला लावलं. मास्तरांनी पट्टीच्या जोरावर उजव्याने लिहायला शिकवलं. त्यामुळे मी लिहितो उजव्याने, जेवतो उजव्याने, प्रसादही उजव्याच हातावर घेतो. सुरी मात्र घरात मला कुणी हातात दिलीच नाही, त्यामुळे तिची शिस्त लावायची राहून गेली आणि ती डावीकडेच राहिली. सर्जरी शिकताना माझे सर बोटांवर चिमटा मारून म्हणायचे, "जो हात देवाला चालत नाही तो पेशंटच्या पोटात कशाला घालतोस?" मी रेटून नेलं, पण तो राग अजून पूर्ण गेलेला नाही.

म्हणून ती वहीत उजव्या हाताने लिहिते, वडापाव उजव्या हाताने खाते, हे मला दिसत असूनही मी चुकलो. दर वेळी मनात म्हणायचो, अगदी माझ्यासारखी! हिलाही घरच्यांनी वळवलं, फक्त हत्यार तेवढं सुटलं. सिस्टरना मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आपल्याला एक डावखुरी मिळाली बरं का." तिच्यासाठी डाव्या हाताची कात्री शोधून मागवली. उजव्यांच्या जगात डाव्या हाताने कसं उभं राहायचं, टेबलाच्या कुठल्या बाजूला जायचं, समोरचा वैतागला तर काय उत्तर द्यायचं, हे सगळं मी तिला शिकवलं. इतर मुलं ऐकत असायची आणि कंटाळायची.

अडीच-तीन वर्षं ती येत राहिली. गोखिवऱ्यात पाणी तुंबलं तरी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून यायची. डोकं उत्तम, पेशंटशी बोलणं त्याहून उत्तम. पण हात बसेना. टाका नीट पडायचा, नाही असं नाही. पण इतरांचे तीन होईपर्यंत तिचा एक. इंटर्नशिप संपत आली तरी तेच. मला वाईट वाटायचं आणि त्या वाईट वाटण्याचाच राग यायचा.

मग तिचा एम.डी.-एम.एस.च्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. क्रमांक असा की सर्जरीही मिळाली असती आणि मेडिसिनही. सोमवारी संध्याकाळपर्यंत पसंतीक्रम भरून लॉक करायचा होता; एकदा लॉक केला की बदल नाही. गुरुवारी केबिनमध्ये येऊन तिने सरळ विचारलं, "सर, काय भरू?"

मी म्हणालो, "मेडिसिन भर. सर्जरी तुझं काम नाही. हात संथ आहे तुझा, आणि आता तो बदलायचा नाही."

ती "बरं, सर" म्हणाली. दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "रविवारी आमच्याकडे जेवायला याल?"

तर मी गेलो. पडवीत तिच्या वडिलांनी खुर्ची दिली. आई आतून "या डॉक्टर, बसा" म्हणाली आणि मग मायलेकी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलल्या, त्यातलं मला निम्मंच कळलं. लेक पडवीतच पाटावर बसून केळफूल चिरत होती. आदल्या दिवशी साफ करायचं राहिलं होतं म्हणे. एकेका फुलातला कडक दांडा आणि पातळ खवला काढून टाकायचा, मग उरलेलं बारीक चिरायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे की यात दुपार जाते. तिची दुपार जात नव्हती. तिची बोटं नुसती पळत होती. दांडा उपटला, खवला उडाला, सात-आठ फुलं एकत्र धरली आणि सुरीने केसासारखी बारीक चिरून टाकली. बोलता बोलता, माझ्याकडे बघत.

सुरी उजव्या हातात होती.

आधी वाटलं, सुरीसुद्धा घरच्यांनी बदलायला लावली असेल. पण असा हात बदलून येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

"तू डावखुरी नाहीस?" मी विचारलं.

सुरी थांबली. "नाही, सर."

"मग इतकी वर्षं काय करत होतीस?"

तिने आत आईकडे बघितलं, मग खाली. "पहिल्या दिवशी तुम्ही डाव्या हाताने धरून दाखवलंत. तुम्ही कराल तसंच करायचं, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या रविवारी लक्षात आलं. पण तोवर तुम्ही सिस्टरना सांगून टाकलं होतं. मग ती कात्री आणलीत. तुम्ही इतके खूश होतात, सर. कसं सांगणार?"

मला प्रचंड राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. तिच्यावर? तिने माझं मन राखलं. स्वतःवर? मी तर जीव तोडून शिकवलं होतं. एका मुलीला मी तीन वर्षं परक्या हाताने काम करायला लावलं आणि शेवटी तोच हात नापास केला. माझ्या सरांनी माझं जे केलं तेच मी तिचं उलट्या बाजूने केलं, आणि वर ती मला डावखुरी वाटली नसती तर मी तिला इतका वेळ दिला असता का, हेही मला छातीठोकपणे सांगता येईना.

"चिमटा आहे घरी? आण," मी म्हणालो.

तिने सरावाची पिशवी आणली. वडिलांनी मागच्या वाडीतून केळीच्या खोडाचं एक सोपट, कातडीसारखा जाड थर, कापून आणलं. मी त्यावर चीर दिली आणि म्हणालो, "उजव्या हाताने." मला वाटत होतं, आता चमत्कार होणार. केळफुलावर पळणारी ती बोटं आता टाक्यांवर पळणार आणि मी मोठ्या मनाने माझा शब्द मागे घेणार.

तसं काही झालं नाही. चिमटा उघडताना अडकला. सुई वाकडी शिरली. गाठ सैल पडली. ती डाव्या हाताने करायची त्याहून वाईट. अर्थात, त्या हाताला शिकवलंच कुणी होतं? म्हणजे डावा संथ, कारण तो तिचा नव्हता; उजवा अडाणी, कारण त्याला संधीच मिळाली नव्हती. यावरून काय ठरवायचं? पाच टाके झाले, दहा झाले. सोपटातून पाणी गळत राहिलं आणि मला काहीही कळेना. वीस वर्षं मी हात बघून माणूस ओळखतो असं सांगत आलोय.

आईने पानं घेतली. भात, आमटी, केळफुलाची भाजी, तळलेले बोंबील. पहिला घास घेण्याआधी वडिलांनी विचारलं, "डॉक्टर, उद्या शेवटचा दिवस आहे. हिने काय भरावं? तुम्ही म्हणाल तसं."

गुरुवारी 'मेडिसिन भर' म्हणणं किती सोपं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "गुरुवारी मी जे बोललो ते चुकीचं असेल. बरोबरही असेल. मला खरंच माहीत नाही."

वडिलांचा हात ताटातच राहिला. आई वाढायची थांबली. मला वाटलं, आता पोरगी रडणार. पण तिने फोन काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्यासमोर धरला. पसंतीक्रमाची यादी होती, ओळीगणिक वेगळं कॉलेज. पहिल्या ओळीला सर्जरी, दुसऱ्या ओळीला सर्जरी, अंगठ्याने वर सरकवत नेली तरी सर्जरीच. मेडिसिन कुठेही नव्हतं.

"हे कधी भरलंस?"

"गुरुवारी. ठरवलं तुमच्या दारातच, भरलं घरी आल्यावर," ती म्हणाली. "तेच सांगायला तुम्हाला बोलावलं होतं. सकाळपासून धीर होत नव्हता."

मला लाज वाटली, राग आला, आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखंही वाटलं. यातलं नेमकं खरं कोणतं ते मला आजही सांगता येत नाही. तिचे वडील अजून माझ्याच तोंडाकडे बघत होते. काहीतरी म्हणणं भाग होतं, म्हणून मी भात कालवला आणि शक्य तेवढ्या मोठेपणाने म्हणालो, "मग लॉक करून टाक."

"केलंय, सर," ती म्हणाली.