मागून आणलेलं घर

"जसं नेलं तसं आणून देतो," असं म्हणत ते आधी बाजेच्या पायावर हात ठेवायचे आणि मग मालकिणीच्या तोंडाकडे पाहायचे. तोवर अर्धी बाज दाराबाहेर गेलेली असायची.

हौशी नाटकवाल्यांच्या गावात असा एक माणूस असतोच, तुम्हीही पाहिला असेल. शेलूबाजारात आमच्यासाठी तो माणूस म्हणजे भाऊ. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. वाशिमच्या नव्या नाटकांच्या स्पर्धेसाठी मी दरवर्षी नाटक लिहायचो आणि त्यातलं घर भाऊ गावभर मागून आणायचे. कुणाचं घड्याळ, कुणाची मांडणी. एकदा भर प्रयोगात पुढच्या रांगेतली मावशी नायकाला म्हणाली, "चपला काढ बाप्पा आधी, माही बाज हाय ते." नायकानं मुकाट्यानं चपला काढल्या. परीक्षकांना तो प्रसंग फार आवडला.

मग मी शिवणकाम करणाऱ्या एका बाईवर नाटक लिहिलं. दुसऱ्या अंकात नवरा तिची शिलाई मशीन ढकलून पाडतो. पाडायला मशीन कोण देणार? भाऊ आठ दिवस हिंडले आणि हात हलवत परतले. त्यांच्या घरी एक होती, वारलेल्या बायकोची, चादरीखाली झाकलेली. ती मागायची माझी छाती झाली नाही. प्रयोगाच्या सकाळी तीच जीपमध्ये चढवून भाऊ उभे होते.

मी म्हटलं, तो प्रसंगच गाळून टाकतो.

"नाई सर. लिवलं तसं होऊ द्या."

मशीन पडली. बिडाचं चाक दुभंगलं. विंगेत भाऊ पडदा मुठीत धरून उभे होते, आणि मला माझ्या लिहिण्याची लाज वाटली.

नंतर तुकडे गोळा करताना मी त्यांची माफी मागितली. मान वर न करता ते म्हणाले, "तिले मी एकबी नाटक दाखोलं नाई. सदा हातात काम राहे तिच्या. म्हनलं, तिची मशीन तरी नाटकात जाऊ दे."

त्या वर्षी आम्हाला एकही बक्षीस मिळालं नाही.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. यंदाचं नाटक आम्ही रिकाम्या रंगमंचावर केलं. परीक्षकांनी रिकाम्या जागेच्या अर्थपूर्ण वापराचं कौतुक केलं, नेपथ्याचं पहिलं बक्षीस दिलं आणि माझं नाव पुकारलं. मला खुर्चीतून उठवेना. दारोदार जाऊन सामान मागणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच त्या नेपथ्याचं कारण होतं.